वरात, मोर्तब आणि कर्नल: हरवलेल्या चार रात्रींचा शोध

१/ या धाग्यांतून आपण एरवी गड, तह आणि पत्रव्यवहार यांविषयी बोलतो. आजचा विषय कर्नल हा आहे. मात्र १७७६ चा पुरंदरचा तह करणारा कर्नल अप्टन नव्हे. बदामाच्या कवचात जसा गर असतो, तसा संगणकाच्या प्रणालीत जो अंतर्भाग असतो, त्यालाही कर्नल असेच म्हणतात. लिनक्स हे अशाच एका कर्नलचे नाव. धागा लांब आहे, आणि त्यात माझ्या एका मूर्खपणाची कबुलीही आहे.

२/ आरंभ एका रुमालापासून करते. भोर तालुक्यातील आमच्या वाड्यात, माझ्या आत्याच्या ताब्यात, जुन्या कागदांचा एक रुमाल होता. एकूण ४१ कागद, सगळे मोडीत. बहुतेक इनाम जमिनीच्या वादाचे, काही वराता, दोन घरगुती पत्रे. वाडा विकण्याचे ठरले तेव्हा आत्याने तो रुमाल पंधरा दिवसांसाठी माझ्या हाती दिला. "नेतेस तर ने गं, पण कागद मोजून नेतेस तसा मोजून परत आण," एवढीच तिची अट होती.

३/ मी प्रत्येक कागदाचे छायाचित्र घेतले आणि मजकूर बाळबोध करू लागले. तीन कागदांची शाई इतकी उडालेली होती की छायाचित्रात नुसता पिवळा डाग उमटे. ते कागद प्रत्यक्ष हातात धरून, बॅटरीचा उजेड बाजूने तिरका पाडून, भिंगाखाली वाचावे लागले. एकेका ओळीला अर्धा अर्धा तास लागे. ज्यांनी मोडी वाचली आहे त्यांना हे सुख आणि हा छळ दोन्ही ठाऊक असतील.

४/ लॅपटॉप धाकट्या भावाने टाकून दिलेला, २ जीबी रॅमचा. त्यावर लिनक्स होते, कारण त्या यंत्राला दुसरे काही पेलतच नव्हते. एकाच दस्तऐवजात डावीकडे छायाचित्र आणि उजवीकडे बाळबोध मजकूर, अशी माझी मांडणी. छायाचित्रे भारी असल्याने आपोआप जतन होताना यंत्र अडखळे, म्हणून ती सोय मीच बंद केली होती. यंत्र एकदा निजले की उठत नसे, म्हणून ते रात्रंदिवस चालूच ठेवी. आणि चार रात्री मी हाताने जतन करायला विसरले. ही ती कबुली.

५/ चौथ्या रात्री बाण पडद्यावर गोठला. दोन-तीन मिनिटांनी सगळे पूर्ववत झाले. घड्याळ चालू, पार्श्वभूमीचे चित्र जागेवर, कागद उजळवून पाहण्यासाठी त्याच संध्याकाळी उघडलेला प्रोग्रामही जागेवर. फक्त माझ्या दस्तऐवजाची खिडकी तेवढी नव्हती. पंधरा कागदांचे वाचन गेले, आणि ते तीन फिकट कागदही त्यांतच होते.

६/ विजेला बोल लावला, विषाणूला लावला, भावाला तर सर्वाधिक लावला. तो शांतपणे म्हणाला, "ताई, कर्नलची नोंदवही वाच ना. तो सगळं लिहून ठेवतो." त्याने एक आज्ञा टंकली आणि पडद्यावर शेकडो ओळी सरकल्या. शेवटून थोड्या वर एक ओळ होती. तिचा आशय असा: रॅम संपली, अमुक क्रमांकाची, अमुक नावाची प्रक्रिया मारली. पुढे तिने किती रॅम व्यापली होती त्याचा आकडा. ओळीच्या आरंभी वेळ, सेकंदाच्या अंशापर्यंत.

७/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला अशी ओळ दिसली की राग थोडा मागे पडतो. यंत्र बंद पडले नव्हते. कोणीतरी निर्णय घेतला होता, त्याची अंमलबजावणी केली होती आणि वेळेसह नोंद ठेवली होती. मग पुढचा प्रश्न आपला नेहमीचाच: हुकूम कोणाचा, कोणत्या अधिकाराने, आणि निकष कोणता?

८/ यासाठी कर्नल करतो काय ते आधी पाहू. आपण वापरतो ते प्रोग्राम स्वतः होऊन डिस्कवर एक अक्षरही लिहू शकत नाहीत. प्रोसेसरमध्येच अधिकाराच्या पायऱ्या कोरलेल्या असतात. इंटेलच्या ३८६ या प्रोसेसरात अशा चार होत्या. लिनक्सने त्यांतल्या दोनच वापरल्या. सर्वांत वरच्या अधिकाराच्या पायरीवर कर्नल, सर्वांत खालच्या पायरीवर बाकीचे सगळे. खालच्या पायरीवरच्या प्रोग्रामने थेट यंत्राला हात घालण्याचा प्रयत्न केला, तर प्रोसेसरच त्याला अडवतो आणि सूत्रे कर्नलकडे देतो.

९/ म्हणून प्रत्येक कामासाठी अर्ज करावा लागतो. या अर्जाला सिस्टिम कॉल म्हणतात. प्रोग्राम ठरलेल्या जागी एक क्रमांक ठेवतो, सोबत तपशील ठेवतो आणि प्रोसेसरला विशिष्ट आदेश देतो. त्या क्षणी नियंत्रण कर्नलकडे जाते. ३८६ च्या परंपरेत ‘लिही’ या अर्जाचा क्रमांक ४ होता, पुढच्या ६४ बिटी यंत्रांवर तो १ झाला. त्या त्या परंपरेत हे क्रमांक एकदा ठरले की बदलत नाहीत. कर्नलच्या आत कितीही उलथापालथ करा, पण बाहेर चालणारा जुना प्रोग्राम मोडता कामा नये, हा लिनक्सच्या कारभारातील सर्वांत कडक नियम आहे. लिनस टोरवाल्ड्स यांचा राग जगप्रसिद्ध आहे. तो सर्वाधिक या नियमभंगावर उसळलेला दिसतो.

१०/ दुसरे काम पाळ्या लावण्याचे. प्रोसेसर थोडे आणि प्रक्रिया शेकडो. घड्याळाचा ठोका ठरावीक अंतराने चालू काम थांबवतो आणि कर्नल ठरवतो की पुढची पाळी कोणाची. २००७ पासून पुढे बराच काळ जी पद्धत होती तिचा गाभा सोपा होता: आजवर ज्याच्या वाट्याला सर्वांत कमी वेळ आला, त्याला आधी घ्या. ही पद्धत इंगो मोल्नार यांनी लिहिली. पण न्याय्य वाटणीची कल्पना याच क्षेत्रात आधी लावून धरणारे कॉन कोलिवास हे ऑस्ट्रेलियातील भूलतज्ज्ञ होते. २०२३ मध्ये ही पद्धतही बदलली. आपल्या खटल्याशी याचा संबंध नाही, म्हणून पुढे जाते.

११/ आपला संबंध रॅमशी. कर्नल रॅम मोजतो ती पानांत. शब्दशः पान हेच त्याचे एकक आहे. माझ्या लॅपटॉपवर एक पान ४,०९६ बाइटचे होते. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ या पद्धतीत ३ बाइट लागतात, म्हणजे एका पानावर सुमारे १,३६५ चिन्हे मावतील. २ जीबी म्हणजे अशी ५,२४,२८८ पाने. हा सगळा माझा रुमाल होता म्हणायचा, आणि त्यातच छायाचित्रे, खिडक्या, घड्याळ आणि खुद्द कर्नल.

१२/ आता गंमत पाहा. प्रोग्राम जेव्हा कर्नलकडे रॅम मागतो, तेव्हा कर्नल ती देत नाही. तो फक्त ‘दिली’ अशी नोंद करतो. प्रोग्राम त्या जागेला खरोखर स्पर्श करतो तेव्हा पान नाही म्हणून प्रोसेसर अडतो, कर्नल धावतो आणि त्या क्षणी एक खरे पान तिथे बसवतो. बहुतेक प्रोग्राम मागतात पुष्कळ आणि वापरतात थोडे. त्यामुळे कर्नल जवळ असलेल्याहून अधिक रॅमची आश्वासने वाटून बसतो, आणि बहुधा त्याचे निभावते.

१३/ रुमालातल्या वराता वाचणाऱ्याला हे ओळखीचे वाटेल. वरात म्हणजे अमक्या महालाच्या किंवा गावाच्या वसुलातून तमक्याला इतके रुपये द्यावेत, असा लेखी हुकूम. हातात कागद आला, पण पैसा अजून शेतात. वसूल आला तर वरात पटते. एकाच वसुलावर जास्त वराता झाल्या, किंवा पाऊस रुसला, तर शेवटच्या वरातदाराने दारात बसून राहावे. सरकारला हे ठाऊक नव्हते असे नाही. सगळे वरातदार एकाच दिवशी येत नाहीत, यावर कारभार चाले.

१४/ त्या रात्री माझ्या लॅपटॉपमध्ये सगळे वरातदार एकाच वेळी दारात आले. अशा वेळी कर्नल आधी अडगळ काढतो, म्हणजे डिस्कवरून पुन्हा वाचता येईल अशी पाने सोडून देतो. मग कमी वापराची पाने डिस्कवर राखून ठेवलेल्या जागेत हलवतो. त्या जागेला स्वॅप म्हणतात. माझ्या यंत्रावर डिस्कची जागा वाचवण्याच्या नादात स्वॅप ठेवलेच नव्हते. तेव्हा शेवटचा मार्ग उरला: एका प्रक्रियेला मारा आणि तिची पाने मोकळी करा. जो हुकूम सुटतो तो असा की प्रोग्रामला निरवानिरव करायलाही अवधी मिळत नाही. मग जतन करण्याची संधी कुठली?

१५/ या स्वॅपची एक हकीकत इथेच सांगते. १९९१ च्या अखेरीस लिनक्स काही महिन्यांचे बाळ होते. जर्मनीतील एका वापरकर्त्याच्या यंत्रात फक्त २ एमबी रॅम होती आणि त्यात त्याला कर्नल बांधता येईना. त्याच्या अडचणीमुळे टोरवाल्ड्स यांनी नाताळच्या सुटीत पाने डिस्कवर हलवण्याची सोय लिहिली. माझ्यापेक्षा हजारपट गरीब यंत्र असलेल्या एका माणसासाठी झालेली ही सोय मी आळसाने बंद ठेवली होती.

१६/ आता निकषाकडे. इथे लिनक्सचा खरा वेगळेपणा दिसतो. बहुतेक व्यापारी प्रणालींत ‘माझीच प्रक्रिया का?’ या प्रश्नाला उत्तर मिळण्याची वाटच नसते. इथे भावाने कर्नलचा संपूर्ण उगमसंकेत, म्हणजे माणसांनी लिहिलेला मूळ मजकूर, उतरवून दिला आणि म्हणाला, "एमएम नावाच्या कप्प्यात बघ. ऊम-किल नावाची फाइल आहे." ऊम हे ‘आउट ऑफ मेमरी’ याचे लघुरूप. मला ती भाषा येत नव्हती. पण टिपणी साध्या इंग्रजीत होत्या.

१७/ फाइल उघडली आणि मी थबकले. माथ्यावर नाव आणि सन: रिक व्हॅन रील, १९९८ आणि २०००. खाली आभार: क्लाऊस फिशर यांनी स्फूर्ती दिली आणि डिवचून डिवचून हे लिहवून घेतले, अशा अर्थाचे. आणखी एक नोंद: २०१० मध्ये डेव्हिड रिएंट्जेस यांनी पुनर्लेखन केले. जुन्या पोथीच्या शेवटी लेखक आपले नाव, शक आणि ज्याच्या आग्रहावरून पोथी लिहिली त्याचे नाव देतो, अगदी तसे. माझे काम ज्याने मारले त्याला निदान नाव होते, आणि त्याला हे लिहायला लावणाऱ्यालाही.

१८/ हे वाचण्याचा मला अधिकार कसा मिळाला? ही वंशावळ थोडक्यात. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवायला घेतले. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी युनिक्ससारखी, पण सर्वांना मुक्त अशी ग्नू प्रणाली उभारण्याची घोषणा केली. तिचे बरेच अवयव तयार झाले, कर्नल मात्र रेंगाळला. १९८७ मध्ये अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी शिकवण्यासाठी मिनिक्स लिहिले. आणि २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने जाहीर केले की आपण हौस म्हणून एक प्रणाली लिहीत आहोत, फार मोठे काही नव्हे.

१९/ सप्टेंबर १९९१ ची पहिली आवृत्ती सुमारे १०,००० ओळींची होती. टोरवाल्ड्स यांना नाव ‘फ्रीक्स’ ठेवायचे होते. आरी लेमके या मित्राने सर्व्हरवर कप्पा उघडताना त्याला ‘लिनक्स’ नाव देऊन टाकले. बारशाला आत्याबाईने आपल्या मनाचे नाव ठेवावे तसे. सुरुवातीच्या परवान्यात लिनक्सच्या प्रती विकून पैसे घेण्यास मनाई होती. १९९२ मध्ये टोरवाल्ड्स यांनी स्टॉलमन यांचा जीपीएल हा परवाना स्वीकारला: वाचा, बदला, वाटा, विका, पण ज्याला द्याल त्याला उगमसंकेतासह हेच हक्क द्या. माझा अधिकार तो हाच.

२०/ त्याच वर्षी जानेवारीत टॅनेनबॉम यांनी या कर्नलची रचनाच कालबाह्य ठरवली होती. त्यांचे म्हणणे, कर्नल लहान असावा आणि फाइली, उपकरणे वगैरे खाती स्वतंत्र प्रक्रियांकडे सोपवावीत, म्हणजे एक खाते कोसळले तरी राज्य कोसळत नाही. लिनक्समध्ये सगळी खाती एकाच वाड्यात, एकाच अधिकाराने. सिद्धान्त म्हणून टॅनेनबॉम यांची बाजू मला आजही बळकट वाटते. व्यवहारात एकसंध कर्नल जलद होता, हाताशी होता आणि शेकडो हात त्याला लागले. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालत आले आहे. तुमच्या हातातील अँड्रॉइड फोनच्या पोटातही हाच कर्नल आहे.

२१/ परत निकषाकडे. गिट या व्यवस्थेत कोणतीही ओळ शेवटची कोणी, केव्हा, का बदलली हे विचारता येते. प्रत्येक बदलाला सोबतचे पत्र असते: काय बदलले, का बदलले. तळाशी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशा ओळी: प्रथम लिहिणाराची, मग त्या खात्याच्या देखभालकाराची, अशी शिडी. पेशवेकालीन पत्राच्या तळाशी ‘मोर्तब सुद’ असते ना, तेच. ही प्रथा २००४ ची. २००३ मध्ये एससीओ या कंपनीने आपला संकेत लिनक्समध्ये शिरला असा दावा करून आयबीएमवर खटला भरला होता; तेव्हा प्रत्येक ओळ अस्सल हाताची आहे हे दाखवण्याची गरज निर्माण झाली.

२२/ मी मागे मागे गेले. २०१० चे पुनर्लेखन सापडले. त्याआधीचा नियमही सापडला, आणि त्याच्या माथ्यावर लेखकाने आपली उद्दिष्टे मांडली होती. पहिलेच उद्दिष्ट असे: झालेले काम कमीत कमी वाया जावे. मग भरपूर रॅम मोकळी व्हावी, निरपराध प्रक्रिया मरू नये, शक्यतो एकच मरावी, आणि वापरणाऱ्याला अपेक्षित असेल तीच मरावी. हे वाचून मी खुर्चीत मागे टेकले.

२३/ पहिले उद्दिष्ट साधायला जुना नियम असा होता: व्यापलेल्या जागेवरून गुण काढायचे, मग प्रक्रियेने प्रोसेसरचा जितका वेळ खाल्ला त्याच्या वर्गमुळाने, आणि ती सुरू होऊन जितका काळ लोटला त्याच्या वर्गमुळाच्या वर्गमुळाने भागायचे. जास्त गुण म्हणजे मरणाचा जास्त संभव. म्हणजे जुन्या, दीर्घकाळ चाललेल्या प्रक्रियेला सूट. काळ हजार सेकंदांच्या हिशेबात धरत. चार दिवसांच्या प्रक्रियेचे गुण मी कागदावर मांडून पाहिले: नुसत्या या शेवटच्या भागाकाराने ते चौथाईवर येत होते. (चौथाई! आकडा मी मुद्दाम जुळवलेला नाही.)

२४/ २०१० च्या नव्या नियमाने ही सूट काढून टाकली. प्रक्रियेने उपलब्ध रॅमचा किती हिस्सा व्यापला आहे, त्याचे ० ते १,००० असे गुण. ज्याचा हिस्सा मोठा तो जाईल. वापरणाऱ्याला हवे असल्यास एखाद्या प्रक्रियेचे गुण उणे किंवा अधिक १,००० पर्यंत सरकवता येतील. कारण स्पष्ट दिले होते: जुन्या हिशेबात कोण मरेल याचा अंदाजच बांधता येत नसे. नवा नियम ढोबळ होता, पण उघड होता.

२५/ म्हणजे जुना नियम असता, तर त्याच संध्याकाळी उघडलेला छायाचित्रांचा प्रोग्राम मेला असता आणि माझे वाचन वाचले असते? असे म्हणण्याचा मोह मला अनेक दिवस झाला, मी ते मैत्रिणींना सांगितलेही. पण ते प्रामाणिक नाही. जुना नियम व्यापलेली जागा मोजे तो मागितलेल्या रॅमवरून, नवा मोजतो तो प्रत्यक्ष वापरावरून. माझ्या दस्तऐवजाने किती मागितली होती हे मी पाहून ठेवले नव्हते. एका पुराव्यावरून पानिपतचा निकाल फिरवणाऱ्यांना आपण हसतो. माझे तसेच चालले होते.

२६/ या नियमावर खुद्द कर्नलवाल्यांनीही कमी तोंडसुख घेतलेले नाही. २००४ मध्ये पडद्याला कुलूप लावणारा प्रोग्रामच या नियमाने मारला जाऊ नये, म्हणून कोणीतरी अभय देण्याची सोय सुचवली. त्यावर आंद्रीस ब्राउवर यांनी एक बोधकथा लिहिली. एका विमान कंपनीच्या ध्यानात येते की कमी इंधन भरले तर स्वस्त पडते. क्वचित इंधन संपते, तेव्हा एका प्रवाशाला बाहेर फेकण्याचे यंत्र बसवले जाते. मग विद्वान चर्चा करतात: फेकायचा कोण? सर्वांत जड? सर्वांत म्हातारा? आणि अभयाचे पैसे भरता यावेत का? मूळ प्रश्न, म्हणजे इंधन पुरेसे का भरत नाही, तो बाजूलाच राहतो.

२७/ आश्वासने जास्त वाटू नकोस, असे कर्नलला सांगता येते. तशी एक कळ आहे. ती फिरवली तर जवळ आहे तेवढ्याच्या हिशेबानेच तो शब्द देतो आणि पुढच्या अर्जाला सरळ नकार देतो. पण मग असंख्य प्रोग्राम, जे गरजेच्या कितीतरी पट मागतात, सुरूच होणार नाहीत. लोकांना नकारापेक्षा वरात बरी वाटते. मी ती कळ फिरवून पाहिली. तासाभरात पूर्ववत केली.

२८/ शोधात आणखी मागे जाताना एक भिंत लागली. फाइलीतील कितीतरी जुन्या ओळी कोणाच्या म्हणून विचारले, की उत्तर एकच येई: १६ एप्रिल २००५. हा काही एका दिवशी झालेला पराक्रम नव्हे. २००२ पासून कर्नलचा इतिहास बिटकीपर या खासगी व्यवस्थेत ठेवला जाई. २००५ मध्ये तिच्या मालकाशी बिनसले, विनामूल्य वापर बंद झाला, आणि टोरवाल्ड्स यांनी काही दिवसांत स्वतःच गिट लिहिले. नव्या दप्तरात त्यांनी २.६.१२ या आवृत्तीची पूर्वतयारीची प्रत तेवढी आणून ठेवली. जुना इतिहास जवळ आहे, पण आत्ता तो आणण्याचा खटाटोप करीत नाही, असे त्या पहिल्या नोंदीतच लिहून ठेवले आहे.

२९/ तो जुना इतिहास नष्ट झालेला नाही. इतरांनी तो वेगळ्या दप्तरांत लावून ठेवला आहे, आणि जुन्या आवृत्त्याही जपलेल्या आहेत. पण मुख्य दप्तर त्या एका तारखेला सुरू होते, आणि तिच्या मागचे शोधायला वेगळी वाट धरावी लागते. माथ्यावरचे १९९८ हे साल आणि फिशर यांचे नाव मला कळले ते कुणीतरी ते मजकुरातच कोरून ठेवले म्हणून.

३०/ आणखी एक तपशील, मला फार आवडणारा. लिनक्स जन्मले ते ३८६ या प्रोसेसरवर. डिसेंबर २०१२ मध्ये त्याच ३८६ चा आधार कर्नलमधून काढून टाकण्यात आला. काढणारे इंगो मोल्नार. स्वीकारणारे अर्थात टोरवाल्ड्स. ज्या यंत्रासाठी पहिली ओळ लिहिली, त्यावर नवा कर्नल आता चालत नाही. अडीच कोटी ओळींच्या कितीतरी पुढे गेलेल्या या ग्रंथात जन्मगाव तेवढे उरलेले नाही.

३१/ माझ्या यंत्रावर मी पुढे काय केले? स्वॅप ठेवले. आपोआप जतन होणे सुरू केले. दस्तऐवजाच्या प्रक्रियेला उणे गुण दिले. त्यासाठी यंत्राच्या मालकाचा अधिकार लागतो, तो भावाचा परवलीचा शब्द विचारून मिळवला. छायाचित्रे मजकुरातून बाहेर काढली. बारा कागद छायाचित्रांवरून आठवड्याभरात पुन्हा बाळबोध झाले. उरले ते तीन फिकट.

३२/ पण पंधरा दिवस संपले होते. आत्याने ४१ कागद मोजून घेतले. पुढे वाडा विकला गेला आणि रुमाल धाकट्या काकांच्या बँकेतील लॉकरमध्ये गेला. काका परगावी, लॉकर त्यांच्याखेरीज उघडणार नाही. रुमाल पुन्हा हातात यायला १४ महिने लागले. मधल्या पावसाळ्यात त्याला दमट हवा लागली होती.

३३/ तिन्ही कागद मी पुन्हा तिरक्या उजेडात वाचले. दोन जसेच्या तसे लागले. तिसरा कागद वरातीचा. रक्कम लागली, घेणाऱ्याचे नाव लागले. ज्या गावच्या वसुलातून ती द्यायची, त्या गावाच्या नावावर मात्र कागदाची कड झडून गेली आहे. ‘आंब’ एवढेच उरले आहे. आंबवडे, आंबेघर, की आणखी कोणते, हे त्या कागदावरून आता ठरत नाही.

३४/ आत्याला विचारले. ती म्हणाली, "अगं, मला मोडी कुठं येते? तूच तर वाचून दाखवलं होतंस की फोनवर, त्या आठवड्यात." वाचून दाखवले होते खरे. पहिल्या वाचनात कड शाबूत होती, नाव पूर्ण लागले होते, आणि त्यापुढे मी शंकेचे चिन्हही घातले नव्हते, एवढे मला नक्की आठवते. नाव आठवत नाही.